सिनेमा कुठलाही लावा, आधी प्रत बघा

‘सेव्हन सामुराई’ (१९५४) पाहिला, पण बरा वाटला इतकंच, असं कोणी म्हणालं तर एकच विचारावं: किती मिनिटांचा पाहिलात? पूर्ण सिनेमा मध्यंतर धरून २०७ मिनिटांचा आहे. जपानबाहेर वर्षानुवर्षं ज्या प्रती फिरल्या त्या पाऊण तासाने, काही तर तासाभराने कमी होत्या. कात्री लागते तेव्हा सगळ्यात आधी निवांत प्रसंग जातात. कोण कोणावर का चिडतं, कोणाला तलवार धरता येते आणि कोणाला नुसती मिरवता येते, हे कळायच्या आतच लढाई सुरू होते. मग सात सामुराई म्हणजे सात सारखेच दिसणारे लोक होतात आणि दोष दिग्दर्शक कुरोसावाच्या माथी बसतो.

उलटंही होतं. पॅल या, युरोप-भारतातल्या जुन्या टीव्ही पद्धतीच्या डीव्हीडीवर हाच सिनेमा १९९ मिनिटांच्या आसपास भरतो. तो कापलेला नसतो, पळवलेला असतो. सिनेमा सेकंदाला २४ चौकटींनी (फ्रेमनी) चालतो आणि पॅल टीव्ही २५ चौकटींनी. जुन्या काळी सोपा उपाय म्हणून सगळा सिनेमाच चार टक्के जोरात चालवायचे. चित्रात ते फारसं कळत नाही, आवाज मात्र अर्ध्या सुराच्या आत वर चढतो. तेव्हा मूळ लांबीला ०.९६ ने गुणा. उत्तर हातातल्या प्रतीशी जुळलं तर प्रत शाबूत आहे. त्याहून कमी भरलं तर कापलेली आहे, दुसरी शोधा.

खाली वेगवेगळ्या काळातले, वेगवेगळ्या जातीचे सिनेमे आहेत. प्रत्येकाबरोबर कुठली प्रत घ्यायची आणि कुठे फसगत होते हेही आहे. नुसत्या नावांच्या याद्या ढिगाने मिळतात. त्यातल्या निम्म्या नावांवर लोक फुली मारतात ती चुकीच्या प्रतीमुळे किंवा टीव्हीच्या सेटिंगमुळे.

आधी टीव्ही. त्यातलं पहिलं काम म्हणजे हालचाल गुळगुळीत करणारी सोय बंद करणं. कंपनीगणिक तिची नावं निराळी आहेत: ट्रूमोशन, मोशनफ्लो, ऑटो मोशन प्लस. टीव्ही दोन खऱ्या चौकटींच्या मध्ये स्वतः बनवलेल्या चौकटी घुसडतो आणि मोठा सिनेमाही दुपारच्या मालिकेसारखा दिसायला लागतो. फिल्ममेकर मोड असेल तर तो लावा, त्यात हे आपोआप बंद होतं. दुसरं काम चित्राच्या आकाराचं. १९५३च्या आधीचे बहुतेक सगळे बोलपट १.३७ : १ या जवळजवळ चौकोनी आकाराचे आहेत. टीव्ही १.७८चा असतो, त्यामुळे डावी-उजवीकडे काळे पट्टे दिसणारच. पट्टे नकोत म्हणून झूम केलंत तर उंचीतला जवळपास चौथा हिस्सा जातो. म्हणजे कपाळं, पाय आणि टेबलावर ठेवलेलं पत्र. झूमऐवजी ताणलंत तर सगळे बुटके आणि रुंद दिसतात. तिसरं काम आवाजाचं. टीव्हीच्या दोनच स्पीकरवर ऐकत असाल तर ५.१ (सहा स्पीकरांच्या) ट्रॅकऐवजी स्टिरिओ ट्रॅक निवडा. ५.१ मध्ये संवाद मधल्या स्पीकरसाठी असतात. तो स्पीकर नसला की संवाद पुटपुटल्यासारखे आणि स्फोट कानठळ्या बसवणारे ऐकू येतात. जुन्या सिनेमाला मूळ मोनो ट्रॅक दिलेला असेल तर तोच घ्या.

कृष्णधवल सिनेमाचं वावडं असलेल्या माणसाला पहिला कुठला दाखवायचा? ‘ट्वेल्व्ह अँग्री मेन’ (१९५७), ९६ मिनिटं. पहिली काही मिनिटं आणि अगदी शेवट सोडला तर सगळा सिनेमा एका खोलीत घडतो. खुनाच्या खटल्याचा निकाल ठरवायला बसवलेले बारा सामान्य नागरिक, म्हणजे ज्युरर, एक टेबल, एक न चालणारा पंखा. दिग्दर्शक सिडनी लुमेटचा हा पहिला सिनेमा. खोली तीच ठेवून ती अंगावर कशी आणायची, याची त्याची रीत ठरलेली होती. सुरुवातीला कॅमेरा डोळ्यांच्या रेषेच्या वर आणि लेन्स रुंद, म्हणजे माणसांच्या मागे भरपूर मोकळी जागा दिसते. मधल्या भागात कॅमेरा डोळ्यांच्या रेषेवर येतो. शेवटच्या भागात तो रेषेखाली जातो आणि लेन्स लांब होत जाते, त्यामुळे मागची भिंत पाठीला टेकल्यासारखी दिसते आणि छत डोक्यावर येतं. शेवटच्या शॉटला पुन्हा रुंद लेन्स. बघणाऱ्यालाही तिथे मोकळा श्वास मिळतो, आणि का मिळाला ते पहिल्या खेपेला कळत नाही. दुसऱ्या खेपेला आवाज कमी करून फक्त छत कधी दिसायला लागतं तेवढं बघा. तो पंखा मध्येच सुरू होतो त्याचंही कारण सिनेमात दिलेलं आहे. संवाद एकमेकांवर चढतात, तेव्हा इंग्रजी कितीही चांगलं असलं तरी सबटायटल ठेवा. बासू चटर्जींचा ‘एक रुका हुआ फैसला’ (१९८६) याच्यावरूनच केलेला आहे. तो नंतर बघा, आधी नको, कारण कोण कधी फिरणार हे कळलेलं असलं की निम्मी मजा गेली.

मूकपट म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर तुरुतुरु पळणारी माणसं येतात. त्या काळी माणसं तशी चालत नव्हती. कॅमेरा हाताने फिरवायचा, वेग सेकंदाला १६ ते २४ चौकटींच्या दरम्यान कुठेही असायचा, आणि पुढे सगळंच सरसकट २४ ने चालवलं गेलं. वेगाने किती फरक पडतो हे कार्ल ड्रायरच्या ‘द पॅशन ऑफ जोन ऑफ आर्क’ (१९२८) वरून दिसतं. २० चौकटींनी तो ९७ मिनिटं चालतो आणि २४ ने ८१. सिनेमा तोच, पण एकात जोनच्या डोळ्यांतून पाणी सावकाश ओघळतं आणि दुसऱ्यात ते पुसायची घाई वाटते. माझं मत २०च्या बाजूने. पण हा पहिला मूकपट म्हणून घेऊ नका. त्यात चेहरे आणि चेहरेच आहेत, सवय नसेल तर जड जातो.

पहिला घ्या बस्टर कीटनचा ‘शेरलॉक ज्युनियर’ (१९२४). फक्त ४५ मिनिटं. थिएटरात प्रोजेक्टर चालवणारा एक पोरगा झोपी जातो आणि स्वप्नात समोरच्या पडद्यात शिरतो. तो शिरतो, पण त्याच्या पायाखालचा सिनेमा बदलत राहतो. बाकावर बसायला जातो तर तिथे रहदारीचा रस्ता येतो, मग कड्याचं टोक, मग सिंह, मग वाळवंट, मग समुद्रातला खडक. खडकावरून पाण्यात सूर मारतो आणि डोकं बर्फात रुततं. कीटनची उभं राहण्याची जागा मात्र एका कटमधून दुसऱ्यात तसूभरही हलत नाही. संगणक नव्हता. कॅमेऱ्यापासूनचं अंतर जमीनमोजणीच्या उपकरणाने मोजून घेतलं होतं. हा भाग एकदा चौकट थांबवत थांबवत बघा, जोड सापडणं कठीण आहे. पाण्याच्या टाकीच्या नळाला लोंबकळण्याच्या प्रसंगात पाण्याच्या लोंढ्याने तो रुळावर आपटला आणि मानेचं हाड मोडलं. हे त्याला कळलं कित्येक वर्षांनी, डॉक्टरांनी क्ष-किरण फोटो काढल्यावर. सिनेमात तो शॉट तसाच आहे. संगीत प्रतीगणिक वेगळं असतं. कर्कश पियानो वाजायला लागला तर खुशाल आवाज बंद करा, गंमत कमी होत नाही. यानंतर सिंगीतम श्रीनिवास राव यांचा ‘पुष्पक’ (१९८७) लावा. तिथे आवाज सगळे आहेत, बोलणं मात्र कोणीच नाही, आणि कमल हासनला त्याची उणीव एकदाही भासत नाही.

‘मेट्रोपोलिस’ची (१९२७) प्रत निवडणं हे खरं किचकट काम. फ्रिट्झ लांगचा हा सिनेमा प्रदर्शनानंतर लगेचच कापला गेला आणि कापलेला भाग हरवला तो हरवलाच, असं सगळे धरून चालले होते. २००८ साली ब्युनोस आयर्समधल्या चित्रपट संग्रहालयात जवळजवळ पूर्ण प्रत सापडली, पण १६ मिलिमीटरची. मूळच्या ३५ मिलिमीटरच्या, आधीच झिजलेल्या प्रतीवरून ती उतरवलेली होती, त्यामुळे ओरखडे चित्रातच छापले गेलेले. २०१०ची सुमारे अडीच तासांची प्रत यावरून तयार झाली, तीच घ्या. बघताना चित्र अचानक खराब होतं, उभ्या रेषांचा पाऊस पडतो आणि चौकटही किंचित लहान होते. तिथे डिस्क बिघडली असं समजून उठू नका, तोच सापडलेला भाग. नीट बघितलं तर नेमकं काय कापलं होतं तेही कळतं: दुय्यम पात्रं आणि त्यांची कारणं. १९८४ची जॉर्जो मोरोडरची प्रत दीड तासाच्याही आत संपते. तिला रंग दिलेत आणि वर पॉप गाणी आहेत. गंमत म्हणून ठीक, पहिली ओळख म्हणून नाही. सिनेमाची गोष्ट भाबडी आहे हे मान्य करूनच बसावं. मालक आणि मजूर यांचा झगडा इतक्या सहज मिटतो की हसू येतं. पण पाळी बदलताना मान खाली घालून चालणारे मजूर आणि घड्याळासारख्या यंत्राचे काटे अंगाने ओढणारा माणूस एकदा पाहिला की विसरत नाही. सिनेमाचे तीन भाग पाडलेलेच आहेत. पहिला तासाभराहून थोडा मोठा आहे, तिथे थांबून उरलेला दुसऱ्या दिवशी पाहिला तरी काही बिघडत नाही.

त्याच लांगचा ‘एम’ (१९३१) मात्र आजही करकरीत वाटतो. शहरात मुलांचे खून होताहेत. पोलीस शोधताहेत, आणि पोलिसांच्या धाडींनी धंदा बसला म्हणून गुन्हेगारही शोधताहेत. यात फसगत दोन ठिकाणी होते. एक, आकार. फिल्मच्या पट्टीवर आवाजाचा पट्टा नव्याने आला तेव्हा त्याने चित्राची रुंदी खाल्ली, म्हणून हा सिनेमा १.१९ : १, म्हणजे अगदीच चौकोनी आहे. १.३७ची प्रत मिळाली तर वरखाली काहीतरी कापलेलं आहे. दोन, आवाज. काही प्रसंगांत तो ठार बंद होतो, पावलंसुद्धा वाजत नाहीत. रिमोट शोधू नका. लांगने ते मुद्दाम केलंय. शांततेची सवय झाल्यावर एक शीळ ऐकू येते आणि ती पुरते. खुन्याचं काम करणाऱ्या पीटर लॉरला शीळ घालता येत नव्हती, ती लांगची स्वतःची आहे. ११० मिनिटांच्या आसपासची दुरुस्त केलेली प्रत चांगली. ९९ मिनिटांची जुनी सोडून द्या.

आवाज गेला तरी रिमोट शोधायचा नाही, हाच नियम इराणी दिग्दर्शक अब्बास किआरोस्तामीच्या ‘क्लोज-अप’ला (१९९०). एक माणूस आपणच दिग्दर्शक मोहसेन मखमलबाफ आहोत असं सांगून एका कुटुंबात वावरतो आणि पकडला जातो. ही खरी घटना. सिनेमात तो माणूस, ते कुटुंब आणि मखमलबाफ सगळे स्वतःच्याच भूमिकेत आहेत. खटल्याचं चित्रण खरं आणि आधीचे प्रसंग पुन्हा घडवलेले, अशी सरमिसळ आहे. शेवटाकडे माइक बिघडल्यासारखा आवाज तुटत राहतो. तो तुमच्या प्रतीचा दोष नाही, तसाच ऐका.

‘संत तुकाराम’ (१९३६) मराठी आहे म्हणून इथे घेतलेला नाही. दामले-फत्तेलाल यांनी चमत्कारांच्या गोष्टीत जिजाई नावाचं खणखणीत व्यवहारी माणूस आणून ठेवलंय. ती बोलायला लागली की सिनेमा जमिनीवर येतो. विष्णुपंत पागनीस अभिनय करतात असं वाटतच नाही. ‘आधी बीज एकले’ हा तुकोबांचा अभंग म्हणून कित्येक जण आजही गातात. तो शांताराम आठवल्यांनी या सिनेमासाठी लिहिला. १९३७च्या व्हेनिस महोत्सवात सिनेमाचा गौरव झाला होता. आवाजात खरखर आहे. टीव्हीचा ‘संवाद स्पष्ट करा’ वगैरे पर्याय लावलात तर खरखर आणखी पुढे येते, तो बंदच ठेवा आणि हेडफोन लावा.

‘पथेर पांचाली’ (१९५५) पूर्वी जसा पाहिला असेल तसा तो नाही. मूळ निगेटिव्ह १९९३ साली लंडनच्या प्रयोगशाळेतल्या आगीत होरपळली. उरलेल्या ठिसूळ रिळांना पुन्हा ओलावा देऊन, फाटके छिद्रपट्टे जोडून, इटलीतल्या बोलोन्यामध्ये काम झालं. ‘पथेर पांचाली’चा सुमारे ४० टक्के भाग त्या मूळ निगेटिव्हवरून उभा राहिला आणि बाकीचा जगभरातल्या चांगल्या प्रतींवरून. २०१५ची ही प्रत आणि जुनी टीव्हीवर दाखवली जायची ती, या दोन्हींत तळ्यावरचे किडे जिथे दिसतात तो प्रसंग शेजारी शेजारी लावून बघा. जुन्या प्रतीत पाणी करडं आणि किडे म्हणजे ठिपके. नव्यात पाण्यावर पायांनी पडलेले खळगेही दिसतात. एके ठिकाणी आईच्या आक्रोशाचा आवाज काढून टाकून तारशहनाई हे तंतुवाद्य ठेवलंय. मोबाइलच्या स्पीकरवर तो सूर किरकिरतो. निदान या एका प्रसंगासाठी बरा स्पीकर हवा.

आता पुन्हा ‘सेव्हन सामुराई’. तीन तास सत्तावीस मिनिटं एका बैठकीत बसायची गरज नाही. मध्यंतर कुरोसावानेच दिलंय, सुमारे पावणेदोन तासांनी. तिथे उठा. बघताना दोन हिशोब मनात ठेवा. सात सामुराई एका गावाला दरोडेखोरांपासून वाचवताहेत; त्यांचा म्होरक्या कांबेई कागदावर दरोडेखोरांसाठी वर्तुळं काढतो आणि एकेक मेला की फुली मारतो. शेवटची लढाई कितीही चिखलाची झाली तरी या कागदामुळे नेमकं किती उरलेत ते कायम ठाऊक असतं. दुसरा हिशोब बंदुकांचा. दरोडेखोरांकडे तीन आहेत. त्यातली कुठली कधी कुणाच्या हातात जाते ते पाहा. शेवटची लढाई एकाच वेळी अनेक कॅमेरे लावून, लांब लेन्सने घेतलेली आहे. लांब लेन्समुळे मागचा घोडा आणि पुढचा माणूस एकमेकांना चिकटल्यासारखे दिसतात, म्हणून प्रत्येक वेळी घोडा अंगावर आलाच असं वाटतं. पाऊस, चिखल, घोडे, माणसं, सगळं करड्या रंगाच्या दहा छटांमध्ये आहे. टीव्हीचा कॉन्ट्रास्ट ‘व्हिव्हिड’वर असेल तर त्या दहाच्या दोन होतात.

जाक बेकेरचा ‘ल त्रू’ (१९६०) सगळ्या यादीतला माझा सर्वांत लाडका, आणि सगळ्यात कमी पाहिला गेलेला. पॅरिसच्या तुरुंगातल्या एका कोठडीतले पाच कैदी जमीन खोदून पळायचं ठरवतात. बस. फ्लॅशबॅक नाहीत, बायका-मुलांच्या आठवणी नाहीत, शेवटच्या श्रेयनामावलीपर्यंत पार्श्वसंगीतही नाही. आहे ते काम. पलंगाचा लोखंडी तुकडा काढून जमीन फोडायला घेतात तो शॉट मिनिटांमागून मिनिटं चालतो. कॅमेरा खाली बघतो, हात बदलतात, ठोके थांबत नाहीत आणि काँक्रीट खरोखर फुटतं. खोटं करून दाखवायची सोयच नाही. दाताच्या ब्रशला आरशाचा तुकडा बांधून दाराच्या भोकातून बाहेर डोकावायची युक्ती, दोन बाटल्या आणि वाळूतून केलेलं घड्याळ, हे सगळं करताना दाखवलंय, झाल्यावर नाही. गोष्ट १९४७ सालच्या खऱ्या पलायन-प्रयत्नावर आधारलेली आहे, आणि त्यात सामील असलेला जाँ केरोदी इथे रोलांची भूमिका करतो. हत्यार त्याच्या हातात ज्या सहजतेने बसतं ती नटाला येणार नाही. बिघडतं कुठे? रात्री घरच्यांची झोप मोडू नये म्हणून टीव्हीचा ‘नाइट मोड’ लावलात की बारीक आणि मोठे आवाज एका पातळीवर येतात. मग ठोक्याची भीती उरत नाही, आणि बाहेर पहारेकऱ्याचे बूट वाजले तर ते वेगळे ऐकू येत नाहीत. सिनेमाचा सगळा जीव या फरकात आहे. हेडफोन लावा. शेवट कोणी सांगायला लागलं तर उठून जा.

‘प्लेटाइम’ (१९६७) मोठ्या पडद्यावर बघायला मिळत असेल तर बघा, नाहीतर सोडा. जाक तातीने तो ७० मिलिमीटरवर घेतला, जवळून चेहरा जवळपास कुठेच दाखवला नाही, आणि एका चौकटीत चार-पाच विनोद एकदम वेगवेगळ्या कोपऱ्यांत पेरले. रेस्टॉरंटचं काचेचं दार फुटतं आणि दरवान नुसती मूठ हातात धरून गिऱ्हाइकांसाठी ‘दार’ उघडत राहतो, हा त्यातला सगळ्यात ठळक. बाकीचे याहून लहान आहेत आणि मोबाइलवर दिसतसुद्धा नाहीत.

वेस्टर्नसाठी ‘द गुड, द बॅड अँड द अग्ली’ (१९६६). इंग्रजीत दोन लांब्या फिरतात, १६१ मिनिटांची आणि १७९ मिनिटांची. दुसरीत इटालियन प्रतीतले प्रसंग २००३ साली परत घातले आणि त्यांचं इंग्रजी डबिंग क्लिंट ईस्टवुड आणि ईलाय वॉलाक यांच्याकडूनच करून घेतलं, म्हणजे मधल्या ३७ वर्षांनी. चेहरा तरुण, आवाज म्हातारा. एकदा लक्षात आलं की सुटत नाही, म्हणून पहिल्यांदा १६१चीच घ्या. ओठ आणि संवाद जुळत नाहीत ही तक्रार मात्र करू नका. चित्रीकरणात जो तो आपापल्या भाषेत बोलत होता आणि आवाज सगळा नंतर भरला, त्यामुळे कुठल्याच भाषेत ते पूर्ण जुळत नाहीत. २०१४च्या प्रतीत आकाशासकट सगळं पिवळट झालंय. पर्याय असेल तर टाळा. त्याचा दिग्दर्शक सर्जो लिओनेचं बोट धरून ‘शोले’कडे (१९७५) वळायचं असेल तर शेवट तपासा. सेन्सॉरच्या आग्रहाने पोलीस येऊन गब्बरला वाचवतात तो शेवट सगळ्यांना पाठ आहे. मूळ शेवटासकट दुरुस्त केलेली प्रत २०२५मध्ये बोलोन्याच्या महोत्सवात दाखवली गेली. मूळ शेवटात ठाकूरच्या खिळ्यांच्या बुटांचं काम पूर्ण होतं.

२५ जून १९८२ या एकाच दिवशी अमेरिकेत ‘ब्लेड रनर’ आणि ‘द थिंग’ लागले आणि दोघेही पडले. ‘ब्लेड रनर’ची २००७ची ‘फायनल कट’ ही ११७ मिनिटांचीच प्रत घ्या. १९८२ला प्रदर्शित झालेल्या प्रतीत हॅरिसन फोर्ड कंटाळलेल्या आवाजात सगळं समजावून सांगतो, आणि शेवटी जोडलेला आनंदी प्रवास आहे. त्यातली डोंगरांची दृश्यं ‘द शायनिंग’साठी घेतलेल्या चित्रणातली शिल्लक आहे. ‘द थिंग’च्या अशा प्रतींच्या भानगडी नाहीत, १०९ मिनिटं, बस. फक्त सुरुवातीला हेलिकॉप्टरमधला माणूस नॉर्वेजियनमध्ये काहीतरी ओरडतो, त्याचं भाषांतर शोधू नका. तो सगळा सिनेमा एका वाक्यात सांगून मोकळा होतो.

‘दास बूट’ (१९८१) पाणबुडीचा. १४९ मिनिटांची मूळ प्रत, १९९७ची २०८ मिनिटांची आणि टीव्हीसाठीची जवळपास पाच तासांची. मधली घ्या. पाणबुडीत वाट बघणं हाच मुख्य उद्योग, तो दीडशे मिनिटांत आटोपतो आणि पाच तासांत बघणाराच गुदमरतो. भाषा जर्मनच ठेवा.

जपानी अॅनिमेशनमधले ‘माय नेबर टोटोरो’ आणि ‘ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज’ १९८८ साली जपानच्या थिएटरात एकाच तिकिटात दाखवले गेले. ८६ आणि ८९ मिनिटं. एकात दोन बहिणी आणि जंगलातलं गुबगुबीत भूत, दुसऱ्यात युद्धात अनाथ झालेले भाऊ-बहीण. एकाच दिवशी दोन्ही बघायचे तर ‘फायरफ्लाइज’ आधी. उलट केलं तर टोटोरोची सगळी ऊब पुसली जाते. लहान मुलं बरोबर असतील तर ‘टोटोरो’ एकटाच लावा. ‘फायरफ्लाइज’ कार्टून आहे म्हणून मुलांसमोर लावणं ही घरोघर होणारी चूक आहे.

हे सगळे सालवार बघत जायचा बेत करू नका. तीन मूकपट ओळीने झाले की चौथ्याला कोणी बसत नाही. लांबीने आणि मनाच्या ओझ्याने अदलाबदल करा. ‘एम’नंतर ‘टोटोरो’, ‘सेव्हन सामुराई’नंतर आठवडाभर काही नको आणि मग ‘ट्वेल्व्ह अँग्री मेन’, ‘ल त्रू’च्या आधी किंवा नंतर ‘दास बूट’ अजिबात नको, दोन्ही कोंडणारे आहेत.

आणि एक संध्याकाळ ‘शेरलॉक ज्युनियर’ला लागून ‘मॅड मॅक्स: फ्युरी रोड’ (२०१५) यासाठी राखून ठेवा. ४५ अधिक १२०, मिळून पावणेतीन तास. ‘फ्युरी रोड’मध्ये कट इतके भराभर येतात की दुसरा कुठला सिनेमा असता तर डोकं दुखलं असतं. इथे दुखत नाही, कारण महत्त्वाची गोष्ट जवळजवळ प्रत्येक शॉटमध्ये चौकटीच्या मधोमध ठेवलीय. डोळा शोधायला जात नाही, तिथेच थांबतो. एका कटमधून दुसऱ्यात नजर हलू द्यायची नाही, हे गणित कीटनने बाकावरून कड्यावर जाताना मांडलं होतं तेच. कित्येक शॉट जरा जोरात पळवलेलेही आहेत, जुन्या मूकपटांसारखे. मात्र इथे ते ठरवून केलंय. म्हणूनच टीव्हीने स्वतः बनवलेल्या चौकटी या सिनेमात सगळ्यात वाईट दिसतात, गाड्या रस्त्यावरून चालण्याऐवजी घरंगळल्यासारख्या वाटतात. ‘शेरलॉक’ संपून ‘फ्युरी रोड’ लावताना ते सेटिंग पुन्हा एकदा बघा. काही टीव्ही नवीन अॅप किंवा दुसरी डिस्क सुरू झाली की ते गुपचूप परत चालू करतात.